मशीनचा रविवार

— नाही नाही, तो स्क्रू आत्ताच नका काढू साहेब. थांबा जरा. आधी लेन्स बघा ना. लेन्सवर धुरकट थर बसलाय. या झाकणावरचा आठ बघा, तीनसारखा दिसतोय की नाही? आणि तो धूर ओढायचा पंखा, त्याला दमा झालाय, ऐका जरा आवाज. एवढी जड बॅग घेऊन इतक्या लांबून आलात, तर सगळं नीट बघून घ्या की. मशीनमधल्या घड्याळाचं काय, घड्याळ कुठे पळून जातंय — म्हणजे पळालंय, तीच तर तक्रार आहे, दोन दिवस पुढे पळालंय — पण आता आणखी नाही पळणार. आता ते शांत आहे. चोख चालतं. फक्त दोन दिवस पुढे चालतं, तेवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही.

बसा. त्या पिंपावर नको, ओलं आहे, पँटला हिरवा शिक्का बसेल. या स्टुलावर बसा. मी इथला ऑपरेटर. रंगाचा डबा तिकडे भरतो, झाकण बसतं, पट्ट्यावरून इथे येतो, तुमचं हे लेझर झाकणावर तारीख कोरतं, की चालला डबा पुढे. मी बघत बसतो. बघून बघून केस पांढरे झाले, बाकी काही झालं नाही. — पण मला सांगा, तुम्हांला गेटवर कुणी अडवलं नाही? न कळवता आलात? शेजारच्या कारखान्यात काम होतं, जाता जाता डोकावलात? हां, म्हणून! कळवून आला असतात ना, तर बाहेरच राहिला असतात. तुमच्या कंपनीचे किती जण गेटवरून परत गेले, माहीत आहे? तुमचं ऑफिस कळवतं, आमचा माणूस बुधवारी येईल. माणूस बिचारा बुधवारी येतो. पण बाहेर बुधवार असतो तेव्हा आमच्याकडे शुक्रवार असतो. वॉचमन म्हणतो, तुम्ही परवा येणार होतात, आज कशाला आलात? नवीन वेळ घ्या. एक जण तर मोबाइल पुढे करून तारीख दाखवत होता. वॉचमन म्हणाला, तो तुमचा मोबाइल झाला, हा आमचा गेट आहे.

हसताय? हसा. मीही हसलो होतो सुरुवातीला. त्याचं काय झालं, या घड्याळाच्या कार्डावर तो नाण्याएवढा सेल असतो — मी तुम्हांलाच काय सांगतोय, तुमचंच मशीन! — वीज गेली तरी मशीनला तारीख लक्षात राहावी म्हणून. तो सेल संपला. सकाळी मशीन चालू केलं तर तारीख कुठली, तर मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हाची. आमच्या वायरमनने सेल आणला, बसवला. मशीनने विचारलं, आजची तारीख? आता सरळ कुणालाही विचारावी ना? हा म्हणतो, आज बुधवार — आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बुधवार शोधून खालची तारीख घातली. कॅलेंडर मागच्या वर्षीचं! चित्र चांगलं होतं, धबधब्याचं, म्हणून कुणी काढलं नव्हतं. त्यात हे लीप वर्ष पडलं मधे, म्हणजे एक नाही, चांगला दोन दिवसांचा फरक. मशीनने पुन्हा विचारलं, नक्की ना? नक्की म्हणाला. बसलं कुलूप. आता तारीख बदलायची तर तुमच्या कंपनीचा पासवर्ड हवा. का? तर तारखेत कुणी लबाडी करू नये म्हणून. चांगली गोष्ट आहे. लबाडी झालीच नाही, चूक झाली, आणि ती चूक कुलूप लावून जपून ठेवली.

मग आमच्या तपासणीच्या बाई. त्यांना तुम्ही ओळखत नाही, बरं आहे. त्यांनी झाकण बघितलं आणि म्हणाल्या, यावर परवाची तारीख आहे. म्हणजे हा डबा परवा भरला जाणार. म्हटलं, अहो आत्ता भरलाय, हात लावून बघा, झाकण अजून कोमट आहे. त्या म्हणतात, कोमट असेल, पण जो डबा अजून भरलेलाच नाही तो मी पास कसा करू? आता याला काय उत्तर देणार? तुमच्याकडे आहे? — बघा, नाही ना. तर प्रत्येक डबा आपली तारीख उगवेपर्यंत गोदामात बसून राहायला लागला. गोदाम भरलं, मग जेवणाची खोली भरली, मग जिन्याखाली डबे, मालकांच्या केबिनमध्ये डबे. शेवटी मालक स्वतः खाली आले. मशीनपुढे उभे राहिले, बाईंपुढे उभे राहिले, वायरमनपुढे तर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, मशीनला कुलूप आहे, माणसांना नाही ना? मग माणसं पुढे घ्या! — झालं. मंगळवारी संध्याकाळी आम्ही घरी गेलो, दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर शुक्रवार. मधले दोन दिवस सगळ्यांच्या रजेत धरले. वॉचमनचा वाढदिवस त्यात गेला, तो अजून कुरकुरतो.

तेव्हापासून हे असं आहे. बाहेर गुरुवार, आत शनिवार. आणि आज शनिवार म्हणजे उद्या आमचा रविवार, सुट्टी. म्हणून म्हणतोय, आज नका हात लावू. आजच्या दिवस राहू दे. उद्या माझा रविवार आहे, महत्त्वाचा आहे. — काय? शुक्रवार आहे उद्या? हो, तुमचा शुक्रवार. माझा रविवार. तेच तर सांगतोय मघापासून.

का म्हणजे? काही नाही. असंच. सुट्टी कुणाला नको असते?

फिल्टर चांगला काळा झालाय ना? म्हटलं नव्हतं? झटका तिकडे, इकडे नको, डबे उघडे आहेत. — नाही, बाकीचे वैतागले आहेत, खोटं कशाला बोलू. त्यांच्या घरात भांडणं होतात. पोरं रविवारी घरी, बाप कामावर. शुक्रवारी बाप घरी, पोरं शाळेत. मला तो त्रास नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. रिकाम्या घरात वार कोण सांगणार? म्हणून मी कारखान्याचाच वार घरी न्यायला लागलो. सोपं पडतं. एकच वार सांभाळायचा. दूधवाल्याशी थोडे खटके उडायचे तेवढेच.

आणि अशात मुलीचा फोन आला. बाबा, मी मुलगा पसंत केलाय. त्याला वडील नाहीत, आई आहे. रविवारी त्यांच्या घरी भेटायचं ठरलंय, मी इकडून येते, तुम्ही तिकडून या. मी म्हटलं, येतो. आणि रविवारी गेलो. — हां, आता तुम्हांला कळलं. बरोबर. मशीनच्या रविवारी गेलो.

धुतलेला शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात पेढ्याबिढ्याच्या जागी फळं, कारण म्हटलं पहिल्यांदा जातोय, गोड नको की तिखट नको. दार उघडंच. आतलं सगळं सामान चादरीखाली झाकलेलं, आणि शिडीवर एक बाई. डोक्याला फडकं, नाकावर पिवळा ठिपका, हातात ब्रश. वळून बघितलंही नाही. म्हणाल्या, आलात? सकाळपासून वाट बघतेय, तो मोठा ब्रश घ्या आणि खिडकीखालची बाजू धरा. — आता मी काय समजायचं? तुम्ही काय समजला असतात? मला वाटलं, यांची ही रीत असेल, माणूस पारखायचा तर कामाला लावून पारखायचा. वाईट नाही म्हटलं. मुलीच्या संसाराचा प्रश्न. फळं खिडकीत ठेवली, बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि धरली खिडकीखालची बाजू.

आणि साहेब, रंग नीट ढवळलेलाच नव्हता! खाली सगळा गाळ. मी जन्मभर रंगाच्या कारखान्यात, मला राहवतंय होय? म्हटलं, बाई, हा असा लावलात तर पट्टे उमटतील. त्या वरून म्हणतात, मला शिकवू नका, मागच्या रंगाऱ्यालाही मी याच कारणासाठी घालवला. म्हटलं, मागचा रंगारी शहाणा होता. झालं, जुंपली. तास न् तास आम्ही भांडतोय आणि रंग देतोय. मग त्यांनीच चहा केला, त्यातही साखर कमी आहे म्हणून मी बोललो, त्या म्हणाल्या रंगाऱ्याला एवढीच मिळते. मला पुन्हा वाटलं, परीक्षाच चाललीय. भिंत मात्र काय झाली म्हणता! लोण्यासारखी. मग त्या खाली बघून म्हणाल्या, तोंडाचा फटकळ आहात पण हात चांगला आहे, आतली खोली कधी धराल? मी म्हटलं, आतल्या खोलीचं नंतर बघू, आधी लग्न तर ठरू द्या.

ब्रश सुटला ना त्यांच्या हातातून. माझ्या शर्टावर. म्हणाल्या, कुणाचं लग्न? म्हटलं, तुमच्या मुलाचं आणि माझ्या मुलीचं. त्या म्हणतात, पण ते तर रविवारी येणार आहेत! मी म्हटलं, आज रविवारच आहे. त्या म्हणाल्या, शुक्रवार आहे. मी म्हटलं, रविवार. शेवटी खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारून विचारलं. तो शुक्रवार म्हणाला. मग मी त्यांना हे सगळं सांगितलं — वायरमन, धबधबा, परवा भरला जाणारा डबा — आणि त्या हसायला लागल्या. वरच्या पायरीवर बसून, फडकं डोळ्यांना लावून, अशा हसल्या, अशा हसल्या की शिडी हलायला लागली. मी धरली. — शिडी धरली हो! शिडीच धरली. तुम्ही पण ना.

मग खऱ्या रविवारी रजा काढून पुन्हा गेलो, मुलीबरोबर, पहिल्यांदाच जातोय असं तोंड करून. काय सांगायचं होतं मुलीला? बाप दोन दिवस आधी येऊन भिंत रंगवून गेला? त्याही काही बोलल्या नाहीत. या, बसा, प्रवास कसा झाला. मीही, घर छान आहे हं तुमचं, रंग कुणी दिलाय? तर म्हणतात, होता एक फटकळ माणूस. मला ठसकाच लागला. मी उठलो आणि थेट मागच्या बाथरूमला जाऊन हात धुऊन आलो. मुलगी म्हणाली, बाबा, बाथरूम कुठे आहे ते तुम्हांला कसं कळलं? म्हटलं, वासावरून. जावई बिचारा ओशाळला, दुसऱ्या दिवशी सगळं बाथरूम घासून काढलं त्याने.

लग्न झालं. छान झालं. मुलीने बदली मागून घेतली, आता तिघं तिथे एकत्र राहतात. ती दोघं सकाळी ऑफिसला जातात, संध्याकाळी येतात. शनिवार-रविवार घरी. शुक्रवारी दिवसभर घरात फक्त... म्हणजे आतली खोली राहिली होती ना रंगवायची. शब्द दिला होता मी. म्हणून पुढच्या माझ्या रविवारी गेलो. आतली खोली झाली. मग स्वयंपाकघर. मग जिन्याची भिंत. मग घर संपलं. घर केवढंसं ते! आता? मग त्या म्हणाल्या, पुढची खोली पिवळी फार भडक वाटते, नाही? मी म्हटलं, मलाही तेच म्हणायचं होतं.

तेव्हापासून तेच चाललंय. एका आठवड्याला एक भिंत. पिवळ्याची हिरवी, हिरव्याची राखाडी, राखाडी उदास वाटते म्हणून परत पिवळी. रंग देता देता बोलायचं. काय बोलायचं? काहीही. तिच्या — त्यांच्या — नवऱ्याबद्दल, माझ्या बायकोबद्दल, गुडघ्यांबद्दल. कधी कधी नाहीच बोलायचं. दोन ब्रशांचा आवाज येतो फक्त. एक माझा, एक त्यांचा. मी चार वाजता निघतो. त्या मला रंगारी म्हणतात, मी त्यांना विहीणबाई म्हणतो. एकदा चुकून नावाने हाक मारली. त्या दिवशी भिंत जरा वाकडीतिकडी झाली.

नका असं बघू माझ्याकडे. माहीत आहे मला. मी काय करू, साहेब? हिशेब करून बघा: उद्या आमचं काही ठरलं तर जावई माझा मुलगा होणार, मुलगी माझी सून होणार, त्या दोघांचं एकमेकांशी काय नातं लागेल ते तर मला मोजताच येत नाही. लोक जाऊ द्या, लोकांचं मी ऐकत नाही. पण पोरीसमोर उभं राहून कसं सांगायचं? विहीणबाई म्हणतात, तुम्ही सांगाल तेव्हा. मी म्हणतो, पुढच्या रविवारी सांगू. आणि पुढच्या रविवारी ती दोघं घरीच नसतात, कारण तो शुक्रवार असतो. सोय झाली की नाही? या तुमच्या कार्डाने मला असा एक रविवार दिलाय जो दुसऱ्या कुणाला सापडतच नाही.

पण मधे मुलीचा फोन आला. आवाज एकदम खाली. बाबा, सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. घरी यावं तर एक भिंत बदललेली. विचारलं तर म्हणतात, मला आवडलं नाही, मी दिला. एकट्याने! या वयात! आणि बाबा, त्या गुणगुणतात. — आता मी काय बोलणार? मी म्हटलं, वयपरत्वे होतं. काय म्हटलं मी! वयपरत्वे होतं म्हटलं. पोरगी म्हणाली, आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेतोय, डोक्याच्या डॉक्टरांकडे. शनिवारी. माझ्या नाही, खऱ्या शनिवारी. म्हणजे परवा.

मी विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, आता काय? तर शांतपणे म्हणाल्या, जाईन की. डॉक्टर विचारतील, भिंती का रंगवता, मी सांगेन, हौस आहे. देतील दोन गोळ्या. तुमचं नाव मी घेणार नाही, तुम्ही काळजी करू नका. — काळजी करू नका! ऐकलंत? वेडी ठरायला तयार आहे ती बाई. घरात चाललंय तेवढं सुखाने चालावं म्हणून डोक्याच्या गोळ्या घ्यायला तयार आहे, आणि मी इथे बसून तुम्हांला सांगतोय की लेन्स पुसा.

...

उद्या जाऊन, पोरगी ऑफिसातून येईपर्यंत थांबून बोलणार होतो मी. खरंच. म्हणजे, ठरवलं होतं. आता तुम्ही हे कार्ड बदललंत तर उद्या शुक्रवार, सकाळी मी इथे, माझा रविवार गेला कायमचा. नाही बदललंत तर उद्या जाईन, भिंत रंगवेन, चहा पिईन... आणि पुढच्या रविवारी सांगू म्हणेन. तेच म्हणेन मी. ओळखतो मी स्वतःला. आणि परवा ती डॉक्टरसमोर जाऊन बसेल.

काय म्हणालात? किल्ली? हो, ऑपरेटरची किल्ली लागते, तुमचा पासवर्ड आणि माझी किल्ली, दोन्ही एकदम. खिशात आहे. तेवढ्याचसाठी तुम्ही इतका वेळ माझं ऐकत होतात होय? बरं आहे. मला वाटलं गोष्ट आवडली.

घ्या. — घ्या म्हणतोय ना. लावा. फिरवा. ते नवीन कार्ड नीट दाबून बसवा, अर्धवट नको. आणि तारीख मोबाइलवर बघून घाला, भिंतीवर नका बघू, तिथे अजून धबधबाच आहे. ... लागला? काय वार दाखवतंय? गुरुवार. हं. गुरुवार. विचित्र दिसतो हो गुरुवार, इतक्या दिवसांनी.

एक मिनिट, मला फोन करू द्या. — हॅलो? मी बोलतोय. नाही, काही झालं नाही. ऐका, डॉक्टरकडे जायचं नाही. नाही म्हणजे नाही. आणि उद्या मी येत नाहीये. ... अहो पूर्ण ऐका तरी! आज येतोय. संध्याकाळी. हो, माहीत आहे ती दोघं घरी असतात, म्हणून तर येतोय. ... नाही, ब्रश नको. हात मोकळे असू देत. ... भीती मलाही वाटतेय. मलाही. ... बसून राहा तुम्ही, उभ्या राहू नका, मी बोलेन सगळं. ... काय? नाही, विहीणबाई नाही म्हणणार. नावाने हाक मारीन. सगळ्यांच्या समोर. ... ठेवतो.

तुम्ही अजून इथेच? झालं ना तुमचं काम? मग उचला बॅग आणि निघा की. मला पट्टा चालू करायचाय.